मसुदा आणि सही

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना 'धरावे' अशी मूळ आज्ञा होती आणि आनंदीबाईंनी त्यातील एक अक्षर बदलून 'मारावे' असे केले, अशी ती आख्यायिका आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. परंतु वाक्प्रचाराला इतिहासाचे प्रमाणपत्र लागत नाही. लोकमनाने ही कथा जतन केली, याचे कारण तिने राज्यव्यवहारातील एक मर्मस्थान दाखवून दिले. आज्ञा देणारा आणि आज्ञा ऐकणारा यांच्यामध्ये कागद असतो, आणि त्या कागदावर तिसऱ्या कोणाचा तरी हात फिरलेला असतो. त्या हाताची नैतिक जबाबदारी किती, हा प्रश्न शनिवारवाड्याइतका जुना आहे आणि आजच्या मंत्रालयाइतका नवा.

आधुनिक शासनात हा हात एका व्यक्तीचा राहिलेला नाही. त्याचे एक खाते झाले आहे. मंत्र्याचे खासगी सचिव, स्वीय सहायक, विशेष कार्य अधिकारी, राजकीय सल्लागार, माध्यम सल्लागार, माहिती अधिकारी अशी त्याची अनेक नावे आहेत. विधिमंडळातील उत्तराचा मसुदा, उद्घाटनाचे भाषण, शोकसंदेश, वृत्तपत्रांना द्यावयाचे प्रसिद्धिपत्रक, अंगाशी येऊ पाहणाऱ्या बातमीचा खुलासा या साऱ्या गोष्टी एकाने लिहावयाच्या आणि दुसऱ्याच्या नावाने प्रकाशात यावयाच्या, अशी ही व्यवस्था आहे. आता तर मंत्र्याच्या नावाने चालणाऱ्या समाजमाध्यमांवरील खात्यांतूनही बहुधा इतरांनीच लिहिलेला मजकूर क्षणार्धात लक्षावधी लोकांपर्यंत जातो. राज्यघटनेनेही एका अर्थाने हे परहस्ते बोलणे गृहीत धरले आहे. अनुच्छेद ७७ प्रमाणे केंद्राची सर्व कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने, तर अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याची कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त होते. मंत्र्यांनी राष्ट्रपतींना वा राज्यपालांना कोणता सल्ला दिला, याची चौकशी न्यायालयाला करता येत नाही, असेही अनुच्छेद ७४ आणि १६३ सांगतात. म्हणजे नाव एकाचे, निर्णय दुसऱ्याचा आणि शब्द तिसऱ्याचा, ही रचना मुळातच आहे. तिच्यात अप्रामाणिकपणा आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न असा आहे की, या तिसऱ्याचे सत्याशी नाते कोणते?

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणात राजशासन कसे लिहावे यासाठी एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. लेखक हा अमात्याच्या गुणांनी युक्त, सर्व संकेत जाणणारा, शीघ्र रचना करणारा, सुवाच्य अक्षराचा आणि लेख वाचण्यास समर्थ असावा. त्याने राजाचा संदेश एकाग्र चित्ताने ऐकावा आणि निश्चित अर्थाचा लेख सिद्ध करावा, असे तो सांगतो. उत्तम लेखाचे सहा गुणही तो मोजतो : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. अकांती, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव हे त्याचे पाच दोष होत. ही यादी साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल, कारण काव्यगुण आणि काव्यदोष यांच्या चर्चेशी तिचे जवळचे नाते आहे. परंतु या सहा गुणांत सत्य नाही. पूर्वापर विसंगती हा दोष म्हणून नोंदला आहे. वस्तुस्थितीशी विसंगती या यादीत नाही.

हे वगळणे अनवधानाने झाले असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या व्यवस्थेत लेखक हा अर्थाचा वाहक आहे. अर्थाचा स्वामी राजा आहे. अर्थ खरा की खोटा याचा विचार मंत्रणेच्या वेळी, मंत्र्यांच्या सभेत व्हावयाचा; लेखकाच्या चौकीपर्यंत तो पोहोचतो तेव्हा तो निश्चित झालेला असतो. ही भूमिका सुसंगत आहे, आणि आजही या व्यवसायातील अनेकांची आत्मसमर्थनाची भूमिका तीच असते. लेखणी साधन आहे; साधनाला पाप लागत नाही.

मराठी दप्तरांतून मात्र वेगळे चित्र दिसते. 'आज्ञापत्र' हा मराठी राजनीतीवरील प्रसिद्ध ग्रंथ रूपाने कोल्हापूरच्या संभाजी महाराजांची आज्ञा आहे, पण तो ओळखला जातो रामचंद्रपंत अमात्यांची कृती म्हणून. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात राजाने कसे वागावे हे राजाच्याच मुखाने सांगितले आहे. अनेक दशके स्वराज्याची सेवा केलेला वृद्ध अमात्य धन्याच्या नावाने धन्यालाच धडा देतो आहे. येथे लेखणी अर्थ केवळ वाहून नेत नाही, तो घडवते. दुसरी आख्यायिका बाळाजी आवजी चिटणिसांची. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहून व्हावयाचे होते; वाचून दाखविण्याची आज्ञा होताच चिटणिसांनी कोरा कागद हाती धरून ते अस्खलित वाचून दाखविले, असे सांगतात. ही कथा त्यांच्या बुद्धिमत्तेची स्तुती म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्यात एक सूचना दडलेली आहे. ऐकणाऱ्याला जो कागद भरलेला वाटतो, तो कोरा असू शकतो, आणि हे फक्त वाचणाऱ्यालाच माहीत असते. धनी आणि चिटणीस यांच्यातील विश्वास हा अशा क्षणी केवळ चिटणिसाच्या सदसद्विवेकावर उभा असतो. ज्याच्याकडे एवढे सामर्थ्य आहे त्याला निव्वळ साधन म्हणता येत नाही.

लोकशाहीने या प्रश्नाला एक कायदेशीर उत्तर शोधले : लिहिणारा कोणीही असो, उत्तरदायी मंत्री. स्वतंत्र भारतात या तत्त्वाची कसोटी मुंदडा प्रकरणात लागली. १९५७ साली नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. संसदेत फिरोज गांधी यांनी हा विषय धसास लावल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली आणि त्यांनी ती उघडपणे चालविली. या व्यवहाराला आपली संमती नव्हती, अशी भूमिका अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घेतली. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा निष्कर्ष छागला यांनी काढला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला.

हे उत्तर शासनापुरते पुरेसे आहे. सहीने मसुद्याची मालकी ठरते, कारण कोणाला तरी जाब विचारता आला पाहिजे. पण सहीने नैतिक प्रश्न संपत नाही. खोट्या दस्तावर मालकाने सही केली म्हणून तो दस्त जाणून लिहिणारा निर्दोष ठरत नाही. मंत्र्याची जबाबदारी ही लेखकाच्या जबाबदारीच्या जागी येत नाही. ती तिच्यावर येते. एका असत्याचे दोन कर्ते असू शकतात आणि दोघेही पूर्ण दोषी असू शकतात. दोष हा वाटून घेतल्याने निम्मा होणारा पदार्थ नव्हे.

प्रत्यक्षात मात्र निखळ असत्य क्वचितच लिहिले जाते, आणि प्रश्नाची खरी गुंतागुंत तेथे सुरू होते. महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. युधिष्ठिराने उच्चारलेले शब्द अक्षरशः खरे होते. जे शब्द अर्थ स्पष्ट करणारे होते ते ऐकू येणार नाहीत अशा रीतीने उच्चारले गेले. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर अभिधा सत्य होती आणि व्यंजना असत्य. काव्यात व्यंजनेला श्रेष्ठ स्थान आहे, कारण तेथे सहृदयाला न सांगितलेले सापडते आणि त्याची जाणीव समृद्ध होते. शासकीय प्रसिद्धीत नेमके उलट घडते. तेथे व्यंजनेचा उपयोग नागरिकाला जे नाही ते सापडावे यासाठी केला जातो, आणि अभिधेची ढाल पुढे करून नंतर सुटका करून घेता येते. 'आम्ही तसे म्हटलेच नव्हते' हे वाक्य बहुधा खरे असते. म्हणूनच ते इतके अस्वस्थ करते.

त्या प्रसंगाचे कर्तृत्वही विभागलेले आहे. सल्ला कृष्णाचा, हत्ती मारला भीमाने, शब्द उच्चारला युधिष्ठिराने. महाभारतकाराने तिघांना एकच माप लावलेले नाही. जमिनीला न टेकणारा रथ खाली आला तो युधिष्ठिराचा आणि अखेरीस नरकाचे दर्शन घडले तेही त्यालाच, कारण विश्वास त्याच्या नावावर होता. सल्लागाराचा हिशेब स्त्रीपर्वात वेगळ्या ठिकाणी होतो. गांधारी कृष्णाला शाप देते तो असत्यवचनासाठी नव्हे. समर्थ असूनही त्याने कुलक्षयाची उपेक्षा केली, यासाठी. ही विभागणी सूक्ष्म आहे. बोलणाऱ्याचा अपराध जे बोलले गेले त्याचा असतो. सल्लागाराचा अपराध जे थांबवता आले असते आणि थांबवले गेले नाही, त्याचाही असतो.

ब्रिटनमधील अलीकडची उदाहरणे या विचाराला पुष्टी देतात. तेथे मंत्र्यांच्या 'स्पेशल ॲडव्हायझर' या पदाला १९७४ च्या हॅरल्ड विल्सन सरकारच्या काळात औपचारिक रूप आले. कायम नोकरशाहीने तटस्थ राहावे आणि पक्षीय बाजू या सल्लागारांनी सांभाळावी, अशी ही विभागणी. १९९७ साली एका राजाज्ञेने पंतप्रधान कार्यालयातील अशा तीन सल्लागारांपर्यंत सनदी सेवकांना आदेश देण्याचा अधिकार दिला. २००७ साली ती रद्द झाली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मनोऱ्यांवरील हल्ल्याच्या वार्ता येत असतानाच एका मंत्र्याच्या सल्लागार बाईंनी खात्यातील सहकाऱ्यांना संदेश पाठविला, की ज्या बातम्या नजरेआड करावयाच्या असतील त्या बाहेर काढण्यास हा दिवस उत्तम आहे. त्या संदेशात असत्याचा लवलेश नव्हता; सुचविलेली कृती बेकायदाही नव्हती. तरीही लोकांना किळस आली, कारण सहस्रावधींचा मृत्यू हा येथे केवळ बातम्यांच्या गर्दीचा एक घटक ठरला होता. व्यवसायाने डोळ्यांना दिलेले वळण माणसाच्या डोळ्यांवर मात करते, ते असे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. सप्टेंबर २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकच्या शस्त्रांविषयी एक दस्तऐवज पंतप्रधानांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत काही शस्त्रे सज्ज होऊ शकतात, हे विधान त्यात होते. ती शस्त्रे कोणत्या प्रकारची हे सांगितले नव्हते. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. त्या शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. जुलै २००३ मध्ये शस्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचा मृत्यू झाला आणि लॉर्ड हटन यांची चौकशी नेमली गेली. जानेवारी २००४ च्या अहवालात त्यांनी सरकारला जाणूनबुजून असत्य मिसळल्याच्या आरोपातून मुक्त केले. परंतु पंतप्रधानांना प्रभावी दस्तऐवज हवा आहे या जाणिवेचा गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांवर आणि सदस्यांवर अबोध परिणाम झाला असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही, असेही नोंदविले. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड बटलर यांच्या समितीने ते विधान संदर्भ स्पष्ट केल्याशिवाय द्यावयास नको होते, असे म्हटले. 'असावे' चे 'आहे' होताना कोणी खोटे बोलल्याचे सिद्ध झाले नाही. प्रत्येक हाताने थोडा संदेह पुसला, एवढेच. 'ध' चा 'मा' करण्यास एक माणूस पुरतो आणि तो पकडता येतो. संदेहाचे निश्चितीत रूपांतर सभ्य, सुशिक्षित माणसांची मालिका करते आणि तिच्यात कोणालाच आपण काही केले असे वाटत नाही.

भारताने हा अनुभव १९७५ ते १९७७ या काळात घेतला. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि दिल्लीतील अनेक वृत्तपत्रांच्या छापखान्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला. काही दिवसांतच माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे गेले. १९७६ मध्ये चार वृत्तसंस्थांचे 'समाचार' या एका संस्थेत विलीनीकरण करण्यात आले. वृत्तपत्र परिषद बरखास्त झाली. नंतर १९७७ ची श्वेतपत्रिका आणि शहा आयोगाचे अहवाल यांनी माध्यमांच्या या गैरवापराची नोंद केली. त्या नोंदी वाचताना जाणवते ते असे की, ही यंत्रणा चालविण्यास क्रूर माणसे लागली नाहीत. फाइल पुढे पाठविणारी माणसे पुरली.

याच काळाशी आणि याच कार्यालयाशी एच. वाय. शारदा प्रसाद हे नाव निगडित आहे. १९४२ च्या चळवळीत विद्यार्थिदशेत तुरुंगवास भोगलेले, 'योजना' नियतकालिकाचे संपादन केलेले, कन्नड आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लेखन व अनुवाद करणारे हे सुसंस्कृत गृहस्थ १९६६ पासून इंदिरा गांधींच्या कार्यालयात प्रसिद्धीचे काम पाहत होते. आणीबाणीतही ते तेथेच होते, आणि १९८० नंतर पुन्हा तेथे आले. त्यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी विरोधकांनीही आदर बाळगला. तुरुंगात गेलेल्या तरुणाने, हजारो लोक तुरुंगात असताना, सत्तेच्या बाजूने बसून लिहिणे याचा अर्थ काय लावावा? न्यायनिवाडा करणे सोपे आहे आणि म्हणूनच टाळले पाहिजे. आत राहिलेला माणूस काय थांबवतो याची नोंद कोठेच होत नाही. बाहेर पडलेल्याची जागा अधिक वाईट माणूस घेतो, हेही अनेकदा खरे असते. परंतु हा युक्तिवाद एवढा सोयीचा आहे की, तो करणाऱ्याने स्वतःच त्याच्याकडे संशयाने पाहावे. गांधारीचा प्रश्न त्याच्यासाठीही आहे : समर्थ असताना काय थांबवले?

शारदा प्रसाद यांनी सत्तेच्या वर्तुळातील आठवणींचा अपेक्षित ग्रंथ लिहिला नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाच्या इंग्रजी शीर्षकातच, आपण जे पुस्तक लिहिणार नाही त्याचा निर्देश आहे. याउलट मनमोहन सिंग यांचे २००४ ते २००८ या काळातील माध्यम सल्लागार संजय बारू यांनी २०१४ च्या निवडणुकीच्या काळात आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि पंतप्रधान कार्यालयाने त्यावर कठोर शब्दांत आक्षेप घेतला. एकाने मौन पाळले, दुसऱ्याने बोलणे पसंत केले. सल्लागाराची निष्ठा व्यक्तीशी असेल तर मौन श्रेष्ठ. ती नागरिकांशी असेल तर मौनाचाही जाब द्यावा लागेल. उलट बोलणाऱ्यालाही विचारले पाहिजे की, जे आज वाचकांना सांगितले ते त्या दिवशी धन्याला सांगितले होते काय?

या शेवटच्या प्रश्नातच प्रस्तुत समस्येचे माप सापडण्याची शक्यता आहे. सल्लागार दोन प्रकारचे लेखन करतो. एक टिप्पणी, जी आत जाते. दुसरे प्रसिद्धिपत्रक, जे बाहेर येते. दोहोंची भाषा वेगळी असणे स्वाभाविक आहे. बाहेरच्या मजकुरात संयम असावा, काही गोष्टी राहून जाव्यात, धोरणाची बाजू समर्थपणे मांडली जावी, यात अनीती नाही. वकिलाला जे क्षम्य ते सल्लागारालाही आहे. गोपनीयता नसेल तर निर्भीड सल्ला मिळणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु टिप्पणीत जे संदिग्ध आहे ते पत्रकात निश्चित होता कामा नये, आणि पत्रकातील विधान टिप्पणीने खोटे ठरता कामा नये. ही दोन कागदांमधील फट हेच लेखकाच्या नीतिमत्तेचे मोजमाप होय. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे नैतिक महत्त्व येथे आहे. तो दुसरा कागद कधी तरी नागरिकाच्या हाती पडू शकतो, ही शक्यता त्याने निर्माण केली.

फट रुंदावत गेली की आणखी एक हानी होते. बाहेर रंगवून सांगण्याची सवय लागलेली लेखणी हळूहळू आतही रंगवू लागते. धृतराष्ट्राला संजय लाभला होता, जो आंधळ्या राजाला रणांगणावरील प्रत्येक अप्रिय वार्ता सांगत राहिला आणि दोष तुझाच आहे असेही बजावत राहिला. राजाने ऐकले नाही, हा राजाचा दोष. संजयाने आपले काम केले. ज्या सत्ताधीशाकडे संजय उरत नाही, तो डोळे असून आंधळा होतो आणि स्वतःच्याच प्रसिद्धिपत्रकावर विश्वास ठेवू लागतो. १९७७ च्या निवडणुकीतील पराभवाचा अंदाज सत्तेला आला नाही, याचे एक कारण सत्तेनेच लादलेल्या मौनात होते, असे मत अनेक भाष्यकारांनी मांडले आहे. नागरिकाला फसविणारा शब्द अखेरीस धन्यालाही फसवतो.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. स्वतःच्या वाचनाने आणि लेखनाने मराठी मनात स्थान मिळविलेला हा मंत्री समोर असताना दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांना अटकही झाली. त्या आवाहनाचा मसुदा कोणी तपासला नव्हता. उच्चारणारी व्यक्ती आणि तिची किंमत मोजणारी व्यक्ती एकच होती. प्रत्येक लेखणीकडून हे धैर्य अपेक्षिता येणार नाही, आणि शासन चालण्यासाठी परहस्ते लिहिणाऱ्यांची गरजही राहीलच. पण शासनाच्या मेजावर बसून जो लिहितो त्याच्यापुढे एक प्रश्न सतत उभा असावा : हाच मजकूर स्वतःच्या नावाखाली, स्वतःच्या सहीने देण्याची वेळ आली असती, तर त्यातील कोणते अक्षर तसेच राहिले असते आणि कोणते बदलले असते? जे अक्षर बदलले असते, तेच आजचा 'ध' आहे.